पीआर कार्ड संपल्यावर, पाच वर्षांनी कॅनडाला परत जाताना

हे लिहितेय ते मुख्यतः अशांसाठी जे कॅनडाचे पीआर (पर्मनंट रेसिडेंट, म्हणजे तिथे कायम राहायची परवानगी असलेले पण नागरिक नसलेले) आहेत, घरच्या आजारपणासाठी भारतात आले, महिन्याचं वर्ष झालं, वर्षाची चार वर्षं झाली, आणि आता कपाटातलं ते कार्ड बाहेर काढून तारीख बघायलाही नको वाटतं. मला त्या काळात सगळ्यात जास्त गरज होती ती कुणीतरी सुरुवातीपासून शेवटपर्यंत काय काय होतं ते सांगण्याची. मिळायचं ते अर्धवट, आणि निम्मं घाबरवणारं. म्हणून माझं सगळं क्रमाने लिहिते. मी वकील नाही, ही माझी एकटीची केस आहे हे धरूनच वाचा.

आम्ही तिघं जानेवारी २०१७ ला टोरोंटोजवळच्या मिसिसागाला गेलो. लेक तेव्हा पाच वर्षांची. मार्च २०१९ मध्ये बाबांना सांगलीत स्ट्रोक आला, उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. मी एकुलती एक. दोन-तीन महिन्यांसाठी म्हणून आले, एक मोठी बॅग आणि हातातली पर्स एवढंच घेऊन. लेकीची शाळा चालू होती म्हणून ती आणि नवरा तिथेच राहिले, आणि नंतर सासूबाई सुपर व्हिसावर (आई-वडिलांना बराच काळ राहता येतो असा कॅनडाचा व्हिसा) तिकडे गेल्या म्हणून ते घर चालू शकलं.

त्यानंतर एकामागून एक होत गेलं. ऑगस्ट २०१९ चा महापूर, आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी सत्तावन्न फुटांच्या वर गेली, आमचं घर गावभागात, बाबांना खुर्चीसकट बोटीत बसवून बाहेर काढलं आणि विश्रामबागला मावशीकडे नेलं. पाणी ओसरल्यावर घरी आलो तर कपाटाच्या खालच्या दोन कप्प्यांतलं सगळं चिखलात. बाबांची डिस्चार्ज कार्डं, औषधांच्या चिठ्ठ्या, बिलं मी गच्चीवर जुन्या धोतरावर पसरून वाळवली, कडेला विटा ठेवून. शाई इतकी फुटली होती की डॉक्टरांची सही तेवढी ओळखू यायची आणि तारखा गेल्या होत्या. एमआरआयची फिल्म मात्र नुसती पुसली आणि स्वच्छ झाली. हे एवढं सविस्तर सांगतेय कारण चार वर्षांनी याच कागदांवर माझी केस उभी राहायची होती.

मार्च २०२० च्या शेवटी परत जायचं तिकीट काढलं होतं. पेशंटसाठी मदतनीस पुरवणाऱ्या ब्युरोच्या एक मावशी दिवसरात्र राहायला तयार झाल्या होत्या, फिजिओवाला ठरला होता, आई बरी होती. त्याच आठवड्यात आंतरराष्ट्रीय विमानं बंद झाली आणि लॉकडाऊन लागलं, ब्युरोच्या मावशी त्यांच्या गावी गेल्या. पुढे आई विसरायला लागली. गॅस चालू ठेवून देवळात जायची, मला बहिणीच्या नावाने हाक मारायची. २०२१ च्या सुरुवातीला अल्झायमरचं निदान झालं. त्याच एप्रिलमध्ये कॅनडाने भारतातून येणारी थेट विमानं थांबवली, ती सप्टेंबरअखेर सुरू झाली. फेब्रुवारी २०२२ मध्ये माझं पीआर कार्ड संपलं. नोव्हेंबर २०२२ ला बाबा गेले आणि ऑगस्ट २०२३ मध्ये आई.

आईचं तेरावं झाल्यावर नवरा आणि लेक परत गेले, शाळा सुरू होणार होती. लेक विमानतळावर म्हणाली, आता तू कधी येणार ते नक्की सांग. मला नक्की काहीच सांगता येईना आणि तिथून मी या कामाला लागले.

आधी नियम सांगते, कारण माझा निम्मा घोर नियम नीट कळल्यावर कमी झाला. पीआरने मागच्या पाच वर्षांत किमान ७३० दिवस कॅनडात असायला हवं. सलग नकोत, आणि दिवसाचा थोडा भाग जरी तिथे गेला तरी तो दिवस धरतात. पण ही पाच वर्षं सरकती असतात. ज्या दिवशी तुम्ही अर्ज करता, किंवा सीमेवर तुमची तपासणी होते, त्या दिवसापासून मागे पाच वर्षं. मी पहिल्या सव्वादोन वर्षांत ७३० दिवस पूर्ण केले होते, त्यामुळे पहिल्या पाच वर्षांपुरती मी नियमात होते, पण २०२३ मध्ये मागे मोजायला गेलं की त्यातले जेमतेम चार-पाच महिने उरत होते. एकदा भरले की झालं, असं समजणारे बरेच लोक भेटले, तसं नाहीये.

आणि दुसरी गोष्ट, जी मला कुणी २०२२ मध्ये सांगितली असती तर खूप रात्री शांत झोपले असते. कार्ड संपलं म्हणजे पीआर संपत नाही. दिवस कमी पडले म्हणूनही तो आपोआप जात नाही. अधिकाऱ्याने तसा निर्णय दिला आणि अपिलाची मुदत किंवा अपील संपलं, किंवा काढून टाकण्याचा आदेश लागू झाला, किंवा तुम्ही स्वतः फॉर्म भरून सोडलात, किंवा नागरिक झालात, तरच तो संपतो. तोपर्यंत तुम्ही पीआरच असता, फक्त विमानात बसायला हातात कागद नसतो. तो कागद म्हणजे पीआरटीडी, पर्मनंट रेसिडेंट ट्रॅव्हल डॉक्युमेंट. कॅनडाबाहेर असताना कार्ड संपलं किंवा हरवलं तर हाच अर्ज करायचा, कारण नवीन कार्डाचा अर्ज कॅनडात असतानाच करता येतो आणि कार्डही तिथल्याच पत्त्यावर येतं.

पुण्यात एका कन्सल्टंटकडे गेले होते. त्यांनी दहा मिनिटांत सांगितलं, मॅडम तुमची केस गेली, पीआर सोडून द्या, नवरा सिटिझन आहे तर तो तुम्हाला नव्याने स्पॉन्सर करेल. फॉर्म भरायला त्यांची फी पंचेचाळीस हजार. नवरा २०२१ मध्ये नागरिक झाला होता आणि हा रस्ता कायदेशीर आहे हे खरं, पण तुम्ही पीआर असेपर्यंत तुम्हाला कुणी स्पॉन्सर करू शकत नाही, म्हणजे आधी हातातलं सोडायचं, मग हजार डॉलरच्या वर फी भरून, मेडिकल, पोलीस क्लिअरन्स सगळं पुन्हा करून थांबायचं. काहींसाठी तेच योग्य असेल. पण घाबरून पहिल्याच दिवशी सही करायची गोष्ट नाही ती. सल्ला घेणार असाल तर त्या माणसाचं नाव कॅनडाच्या इमिग्रेशन कन्सल्टंटांची नोंदणी करणाऱ्या संस्थेच्या (तिला कॉलेज म्हणतात) सार्वजनिक यादीत आहे का, किंवा तो कॅनडातल्या एखाद्या प्रांताचा वकील आहे का, हे आधी बघा. यादी ऑनलाइन आहे, फुकट आहे.

मी शेवटी टोरोंटोच्या एका वकीलबाईंशी तासभर व्हिडिओवर बोलले. दीडशे डॉलर लागले, आणि या सगळ्या प्रकरणात सर्वात सार्थकी लागलेले पैसे तेच. त्यांनी तीन रस्ते समोर ठेवले. एक, नवरा नागरिक आहे म्हणून त्याच्यासोबत बाहेर राहिलेले दिवस धरता येतात, पण त्यासाठी दोघं बाहेर एकत्र राहत असायला हवेत. तो मिसिसागात आणि मी सांगलीत, सुट्टीला तो आला ते चार आठवडे यात बसत नाहीत. दोन, अमेरिकेतून रस्त्याने सीमेवर जाणं. पीआर असल्याचं पटलं तर तिथे आत घेतात, पण दिवस कमी असल्याचा रिपोर्ट तिथेच लिहिला जाऊ शकतो आणि मग तीस दिवसांत अपील करावं लागतं. माझ्याकडे अमेरिकेचा व्हिसा नव्हता आणि मुंबईची अपॉइंटमेंट कित्येक महिने पुढची, त्यामुळे तो विषय तिथेच संपला. तीन, पीआरटीडीच्या अर्जातच मान्य करायचं की दिवस कमी आहेत आणि मानवतेच्या कारणांवर विचार करा अशी विनंती करायची. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या २८ व्या कलमात याची सोय आहे, आणि अधिकाऱ्याने ती कारणं मान्य केली तर त्या निर्णयाआधीची तूट माफ होते. नाकारलं तर साठ दिवसांत अपील करता येतं.

त्यांनी अधिकारी काय काय बघतो तेही सांगितलं. दिवस किती कमी आहेत, कारण तुमच्या हातातलं होतं की हाताबाहेरचं, कॅनडात तुमचं काय आहे, माणसं कोण आहेत, मुलाचं हित कशात आहे, पीआर गेला तर त्रास किती होईल, आणि अडचण संपल्यावर लगेच परत यायला निघालात का. हे शेवटचं मी अधोरेखित करून ठेवलं होतं. आई जाऊन दोन महिने झाले होते आणि भावकीतले लोक म्हणत होते घराची वारस नोंद कर, भाडेकरू बघ, वर्षभर थांब. मी अर्ज आधी केला, घराचं नंतर बघितलं.

सप्टेंबर-ऑक्टोबर २०२३ कागदांत गेले. हॉस्पिटलची मूळ कार्डं पुराने खराब केलेली, त्यामुळे मिरजेच्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये गेले. इथे एक लक्षात ठेवा, भरती पेशंटचे कागद तीन वर्षं जपायचा नियम आहे आणि मागितल्यापासून ७२ तासांत प्रत द्यायची असते, पण तीन वर्षांनंतर ते ठेवतीलच असं नाही. माझ्या वेळी साडेचार वर्षं होऊन गेली होती. तिथल्या क्लार्कबाईंनी आयपी नंबर (भरती पेशंटचा नोंदणी नंबर) विचारला, माझ्याकडे नव्हता, मग एमआरआयच्या फिल्मच्या कोपऱ्यात छापलेली तारीख आणि नंबर बघून त्यांनी रजिस्टर काढलं, बोट फिरवत फिरवत बाबांच्या नावापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, आहे बघा. मला रडू फुटलं तिथेच. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि सगळ्या इनडोअर पेपरची शिक्क्यासह प्रत दोन दिवसांनी दिली. म्हणून सांगते, आजारपण चालू असतानाच कागदांचे फोटो काढून मेलवर टाकून ठेवा, आयपी नंबर फोनमध्ये लिहून ठेवा.

आईच्या न्यूरोलॉजिस्टनी पत्र दिलं, त्यात निदानाची तारीख, तिला चोवीस तास माणूस लागत होतं हे, आणि ते माणूस मी होते हे स्पष्ट लिहिलं. सुरुवातीला ते नेहमीचं दोन ओळींचं सर्टिफिकेट देत होते, मी विनंती केली की डॉक्टर, हे तिकडच्या अधिकाऱ्याला वाचायचंय, आजार किती वाढला होता आणि मी गेले असते तर काय झालं असतं तेवढं लिहा. त्यांनी एक पानभर लिहून दिलं. महापालिकेचे मृत्यूचे दाखले मराठी-इंग्रजी दोन्हीत छापलेले असतात, त्यांना भाषांतर लागलं नाही. पुराचा पंचनामा मात्र पूर्ण मराठीत. भाषांतर स्वतः किंवा घरच्यांनी केलेलं चालत नाही, त्यामुळे सांगलीतल्या एका निवृत्त इंग्रजीच्या सरांकडून करून घेतलं, पानाला चारशे रुपये, आणि त्यांचं शंभराच्या स्टॅम्पपेपरवर नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र की भाषांतर अचूक आहे. हे प्रतिज्ञापत्र बरेच जण विसरतात.

बाकी जोडलेलं सांगते. जुन्या आणि नव्या दोन्ही पासपोर्टची प्रत्येक पानाची प्रत, कोरी पानंसुद्धा. पहिल्या दिवशी कॅनडाच्या विमानतळावर मिळालेला, पीआर झाल्याच्या कन्फर्मेशनचा कागद. संपलेलं कार्ड. २०१७ ते २०१९ च्या तिथल्या कर भरल्याच्या नोटिसा. मिसिसागाच्या घराच्या कर्जावर माझं नाव होतं ते स्टेटमेंट, जॉइंट बँक खातं. लेकीच्या शाळेचं पत्र. नवऱ्याचं नागरिकत्वाचं प्रमाणपत्र आणि त्याचं पत्र. आणि मार्च २०२० चं ते रद्द झालेलं तिकीट, एअरलाइनच्या रिफंडच्या मेलसकट. मेल तीन वर्षांपूर्वीचा होता, शोधून काढला. मी परत जाणार होते याचा माझ्याकडे तोच एक त्याच काळातला पुरावा होता.

पत्र लिहिणं सर्वात अवघड गेलं. चार वर्षांचं सगळं मनात साठलेलं, लिहायला बसलं की बाबांचं शेवटचं आजारपण, आईने मला न ओळखणं, व्हिडिओ कॉलवर लेकीचा वाढदिवस, हेच येत राहायचं. वकीलबाईंनी सांगितलं होतं की प्रत्येक परिच्छेदात एक काळ घ्या, तेव्हा काय झालं ते सांगा आणि कुठल्या नंबरच्या कागदात त्याचा पुरावा आहे ते लिहा. तसंच केलं. उदाहरणार्थ, मार्च २०२० : परतीचं तिकीट काढलं, विमानं बंद, मदतनीस गावी गेल्या, वडील अंथरुणात, पुरावा नंबर ९ आणि १०. असं चार पानांत बसवलं. लेकीबद्दल एक परिच्छेद ठेवला आणि तो मात्र मनापासून लिहिला, कारण ती सात वर्षांची असताना मी निघाले आणि आता ती बारा वर्षांची होत होती, आणि याला कागद शाळेचा असला तरी सांगणारी मीच होते.

कोविडबद्दल एक. सगळं कोविडवर ढकलायचा मोह होतो. पण भारतातून नियमित आंतरराष्ट्रीय विमानं २७ मार्च २०२२ ला सुरू झाली तरी त्याआधीही करार करून काही विमानं जात होती आणि अधिकाऱ्याला ते पक्कं माहीत असतं. मी पत्रात सरळ लिहिलं की ऑगस्ट २०२० नंतर मला तिकीट मिळू शकलं असतं, पण दोन परावलंबी माणसांना सोडून जाणं शक्य नव्हतं. वकीलबाई म्हणाल्या हे वाक्य ठेवा, याने बाकीच्या पत्रावर विश्वास बसेल.

अर्ज ऑनलाइन पीआर पोर्टलवर, फॉर्म ५५२४, फी ५० डॉलर, म्हणजे तेव्हाचे तीन हजारच्या आसपास. पत्राच्या लांबीपेक्षा फाईलच्या साइझची मर्यादाच जास्त नडते, म्हणून स्कॅन काळ्या-पांढऱ्यात आणि कमी रिझोल्यूशनवर करा, पण अक्षरं नीट वाचता येतील असे, आणि फाईलला नावं नीट द्या. मी प्रत्येक पीडीएफला नंबर आणि विषय असं नाव दिलं होतं आणि पहिल्या पानावर अनुक्रमणिका.

नेमकं मी अर्ज पाठवायच्या तयारीत असताना, १९ ऑक्टोबरला, बातमी आली की कॅनडाचे ४१ राजनैतिक अधिकारी भारतातून परत बोलावले, आणि इमिग्रेशन खात्याची इथली माणसं २७ वरून ५ वर आली. सगळीकडून फोन, आता कशाला अर्ज करतेस, थांब जरा. मी थांबले नाही, कारण उशीर केला तर त्याचंही स्पष्टीकरण द्यावं लागलं असतं, आणि बरंचसं काम दुसऱ्या देशांतल्या ऑफिसांतून होतं हे वकीलबाईंनी सांगितलं होतं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात अर्ज गेला. पोच त्याच दिवशी आली.

मग काहीच नाही. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. रोज सकाळी उठून आधी मेल. या काळात वेबफॉर्मवरून एकदा विचारलं, छापील उत्तर आलं की प्रक्रिया चालू आहे. मला वाटतं एकदा विचारणं ठीक, सारखं विचारून काही पुढे सरकत नाही. त्यापेक्षा मी रिकामा वेळ घरात घातला, आई-बाबांचे कपडे वाटले, वारस नोंदीचा अर्ज दिला, वरची खोली एका नर्सिंगच्या मुलीला भाड्याने दिली. रात्री लेकीला गणित शिकवायचे, इकडे साडेनऊ म्हणजे तिकडे सकाळ, शनिवार-रविवारी.

फेब्रुवारीच्या मध्यावर मेल आला. पोटात गोळा आला, उघडला, तर अजून कागद हवे होते. आईच्या मृत्यूनंतरची माझी योजना काय, कॅनडात कुठे राहणार, आणि वडिलांच्या पहिल्या आजारपणाचे कागद अधिक स्पष्ट पाठवा. तीस दिवसांची मुदत. असा मेल आला म्हणजे नकार येणार असं समजू नका. कुणीतरी फाईल वाचतंय एवढाच त्याचा अर्थ. मी मिरजेहून आणलेल्या प्रती रंगीत स्कॅन करून पाठवल्या, नवऱ्याचं नवीन पत्र, आणि माझ्या जुन्या मॅनेजरचं पत्र की आल्यावर कामासाठी मुलाखतीला बोलावू. नोकरीचं आश्वासन नव्हतं त्यात, मुलाखतीपुरतंच होतं, आणि तेवढंच मी लिहिलं.

एप्रिल २०२४ च्या शेवटी निर्णय. मेलमध्ये कुठेही अभिनंदन वगैरे नसतं, पासपोर्ट पाठवा एवढंच असतं. मी तीनदा वाचून नवऱ्याला फोन केला, तिकडे मध्यरात्र, तो झोपेतच म्हणाला परत वाच, आणि मी परत वाचून दाखवला. मग महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबई, व्हिसा अर्ज केंद्रात पासपोर्ट दिला, त्यांचं सेवाशुल्क आणि कुरिअर वेगळं. वीसेक दिवसांनी पासपोर्ट घरी आला, आत एका पानावर चिकटवलेला स्टिकर, एकदाच प्रवेशाचा. त्यावरचं नाव, पासपोर्ट नंबर आणि मुदत लगेच तपासा.

तिकीट काढताना थेट विमान घ्या, जमत असेल तर. युरोपातून जाताना भारतीय पासपोर्टला काही ठिकाणी ट्रान्झिट व्हिसाचे नियम आडवे येतात आणि पीआरटीडी दाखवून तिथे वाद घालत बसायची ताकद अशा वेळी नसते. मी दिल्लीहून थेट टोरोंटो घेतलं, जूनमध्ये, सत्त्याऐंशी हजार. काउंटरवरच्या मुलाने पीआर कार्ड मागितलं, स्टिकर दाखवला तर त्याला तो कळेना, त्याने सुपरवायझरला बोलावलं आणि त्यांनी दोन मिनिटांत सोडवलं. म्हणून तीन तासांऐवजी चार तास आधी जा.

टोरोंटोला उतरल्यावर अधिकाऱ्याने विचारलं किती दिवसांनी आलात. मी सांगितलं पाच वर्षांनी, आई-वडील आजारी होते, दोघंही गेले. कागदांची फाईल हातातच होती. त्याने स्टिकर बघितला, कॉम्प्युटरवर काहीतरी वाचलं, सॉरी फॉर युअर लॉस म्हणाला आणि शिक्का मारला. फाईल उघडावीच लागली नाही. बाहेर लेक उभी होती, माझ्या खांद्याच्या वर गेलेली.

पुढचं काम कार्डाचं. आल्यावर दोन आठवड्यांत पोर्टलवरच फॉर्म ५४४४ भरला, पुन्हा ५० डॉलर, फोटो ५० बाय ७० मिलिमीटरचा, मागे स्टुडिओचं नाव आणि तारीख लागते, म्हणून फोटो कॅनडातच काढा, भारतातून आणलेल्या पासपोर्ट साइझचा उपयोग नाही. त्यातही दिवसांचा प्रश्न पुन्हा येतो. मी खरं तेच भरलं, दिवस कमी आहेत, आणि सोबत पीआरटीडीची प्रत आणि एक पानाचं पत्र की मानवतेच्या कारणांवर अमुक तारखेला निर्णय झालाय. कार्ड सप्टेंबरच्या शेवटी पोस्टाने आलं, पाच वर्षांचं.

मधल्या काळात नवऱ्याने माझ्या संमतीचा फॉर्म जोडून माझ्या फाईलमधल्या अधिकाऱ्याच्या नोंदी मागवल्या. माहितीच्या अधिकारासारखी सोय आहे, ५ डॉलर. निकाल काहीही लागो, या नोंदी मागवाच, आणि नकार आला असेल तर आधी हेच करा, कारण अपिलाला नेमकं काय खटकलं ते तिथेच कळतं. माझ्या नोंदींत अधिकाऱ्याने लिहिलं होतं की तूट मोठी आहे. मग आई-वडिलांच्या आजाराच्या तारखा एकेक करून, पुढे कागदाचा नंबर. रद्द झालेल्या तिकिटाचा उल्लेख होता. नवरा आणि अल्पवयीन मुलगी कॅनडात. आईच्या मृत्यूनंतर लवकर अर्ज केला. जे मला रात्र रात्र आठवून लिहावंसं वाटलं होतं त्यातलं फारसं काही तिथे नव्हतं, पण ज्या ज्या गोष्टीला कागद होता ती प्रत्येक गोष्ट होती.

वकीलबाईंचा शेवटचा सल्ला असा की माफी झाली ती मागची, पुढची पाच वर्षं पुन्हा त्याच नियमाने मोजणार, तेव्हा आता निदान दोन वर्षं शक्यतो हलू नका. नागरिकत्वाला पाच वर्षांत १०९५ दिवस लागतात, आणि माझा इरादा तोवर थांबायचाच आहे. सांगलीच्या घराचा प्रश्न आहे, मावशी थकल्यात, दिवाळीत जावंसं वाटतंच. पण जाईन तेव्हा बोर्डिंग पासचे फोटो, तिकिटं आणि कारणाचे कागद त्याच दिवशी एका फोल्डरमध्ये टाकायचे हे ठरलंय. त्या फोल्डरला नवऱ्याच्या लॅपटॉपवर आणि माझ्या मेलवर, दोन्हीकडे प्रत आहे.